काचेची नळी आणि स्टॉपवॉच

परवा माळा आवरताना माझं एम.एस्सी.चं जर्नल सापडलं. आई म्हणाली, "रद्दीत टाक आता." पण तोवर मी व्हिस्कोसिटीच्या प्रयोगाचं पान उघडून बसलो होतो. तिथे पेन्सिलीनं लिहिलेला १४२ खोडून त्यावर शाईनं १३६ लिहिलंय. अक्षर माझंच.

प्रयोग अगदी साधा. यू आकाराची काचेची नळी, तिचा एक भाग केसासारखा बारीक, त्याच्या वर एक फुगा आणि दोन खुणा. द्रावण वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद घेतं ते स्टॉपवॉचवर मोजायचं. आधी नुसतं पाणी, मग पॉलीव्हिनाइल अल्कोहोलची पातळ-घट्ट द्रावणं. रेणू जितका लांब तितकं द्रावण संथ. त्या सेकंदांवरून रेणूचं वजन काढायचं. आम्हाला भयंकर कंटाळा यायचा.

या नळीनं केवढं मोठं भांडण लढवलंय हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही!

१९२० साली झुरिकमध्ये हर्मान स्टाउडिंगर यांनी मांडलं, की रबरासारखे पदार्थ म्हणजे रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या. बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते ते छोट्या रेणूंचे चिकटलेले पुंजके होते. हाइनरिश वीलांड यांच्यासारख्या दिग्गजानं तर, मोठ्या रेणूंचा नाद सोडा, असा सल्ला दिला.

स्टाउडिंगरनी १९२२ मध्ये रबराला हायड्रोजन जोडून पाहिला. नुसते पुंजके असते, तर दुहेरी बंध गेल्यावर ते सुटायला हवे होते. सुटले नाहीत. तरी वाद मिटेना. मग १९२६ पासून फ्रायबुर्गमध्ये याच साध्या नळीनं मोजमापं सुरू राहिली आणि साखळी लांबते तशी व्हिस्कोसिटी वाढते हे त्यांनी दाखवलं. १९५३ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे त्यांचं सूत्र पुरतं बरोबर नव्हतं. साखळ्या काठीसारख्या ताठ असतात असं ते धरून चालले होते. त्या तर दोऱ्याच्या गुंत्यासारख्या असतात! त्यामुळे व्हिस्कोसिटी वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. बहुतेक वेळा वजनाचा घात ०.५ ते ०.८ च्या दरम्यान येतो. ही दुरुस्ती वेर्नर कून, हेर्मान मार्क, हाउविंक यांच्या कामातून झाली.

आता माझ्या १४२ बद्दल. तो बिंदू आलेखावरच्या सरळ रेषेत बसेना, म्हणून मी सहा सेकंद कापले. नळीत धूळ असेल, पाण्याचं तापमान हललं असेल. पुन्हा मोजायला दहा मिनिटं लागली असती. पण लॅबमधले मामा किल्ल्या वाजवत दारात उभे होते. सरांनी पुढच्या आठवड्यात 'गुड' असा शेरा दिला.

स्टाउडिंगरची चूक पुढच्यांना दुरुस्त करता आली, कारण त्यांची मोजमापं सगळ्यांसमोर होती. माझी कुणी आणि कशी करायची?

असो. जर्नल रद्दीत गेलेलं नाही. हे वाचणाऱ्या मावश्यांनी आईला सांगू नये, ही विनंती.