काट्याच्या आधी दोरी

जीपला मोठे टायर घातले, गिअर बदलले, डॅशबोर्डवर नवा इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर बसवला, की एक काम उरते आणि हौशी मंडळी नेमके तेच टाळतात: कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरला खरा किलोमीटर शिकवणे.

या मीटरला फक्त मोजणे कळते. गिअरबॉक्सजवळचा सेन्सर चाकाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात विजेचे ठोके पाठवतो आणि मीटर ते मोजतो. समजा, एका किलोमीटरला ५००० ठोके असे त्याच्या डोक्यात आहे. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच रस्त्यात चाक कमी फिरेल आणि साधारण ४५४५ ठोके पडतील. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ने धावत असेल.

ही युक्ती फार जुनी. रोमन लेखक विट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एका रथाचे वर्णन केले आहे. त्याचे चाक ४०० वेळा फिरले की एक मैल झाला आणि एक खडा पेटीत पडला. १९०२ मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्झेने फिरत्या चुंबकाने काटा ओढणारे मीटर पेटंट केले. पुढे केबल गेली, सेन्सर आला. पण फेऱ्या मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राला कुणीतरी आधी सांगावे लागते, की इतक्या फेऱ्या म्हणजे इतके अंतर. ते अंतर कुणी मोजले? कशाने मोजले?

इथे मला ‘आईन-ए-अकबरी’ आठवते. शेत मोजायची जरीब पूर्वी दोरीची असे. पहाटे दवाने ती भिजून आखडायची, दिवस चढला की वाळून लांबायची. अबुल फजल स्पष्ट लिहितो, की लबाडीने ती मुद्दाम दवात ठेवली जाई. आखडलेल्या दोरीने तेच शेत जास्त भरते आणि सारा शेतकऱ्याच्या डोक्यावर चढतो. लांबलेल्या दोरीने सरकारचा तोटा. अकबराच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, म्हणजे १५७४-७५ च्या सुमारास, बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली ६० गजांची जरीब आली. ती ना आखडते, ना लांबते.

‘सगळे शोध मुसलमानांनीच लावले’ असे मेसेज आपल्याकडे रोज फिरतात. मला त्यांपेक्षा हा बांबू मोठा वाटतो. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ ही अख्खी सूरह आहे. ती पाठ असणारे पुष्कळ. दोरी बदलायला मात्र कुणीतरी दव, ऊन आणि शेतकऱ्याचे नुकसान यांचा संबंध लावावा लागला.

नवव्या शतकात खलिफा मामूनच्या ज्योतिर्विदांनी सिंजारच्या मैदानात पृथ्वीचा एक अंश मोजला, तेव्हाही दोरीच होती. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत दोऱ्या ताणत चालायचे. ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल हा आकडा पुढे शतकानुशतके ग्रंथांत फिरत राहिला.

आता गाडीकडे. बऱ्याच मीटरांत मोजलेल्या अंतराच्या सुरुवातीला बटण दाबायचे, गाडी सरळ चालवायची, शेवटी पुन्हा दाबायचे. मधले ठोके मीटर लक्षात ठेवते. अंतर कमी असेल, तर आखडलेल्या जरिबेचाच प्रकार. रस्ता ९५० मीटरचा आणि तुम्ही एक किलोमीटर समजलात, तर मीटर यापुढे कायम पाच टक्क्यांहून थोडे जास्त दाखवील. खासगी गाडीत हे चालून जाते. टॅक्सीत हाच फरक प्रवाशाच्या खिशातून जातो.

म्हणून मैलाच्या एका दगडावर विसंबू नये. रस्ता रुंद करताना दगड हलतात. पाच-दहा किलोमीटर जाऊन जीपीएसशी ताडून पाहावे. टायरमध्ये नेहमीची हवा आणि गाडीत नेहमीचे वजन असावे, कारण दबलेल्या टायरचे माप वेगळे पडते.

युरोपीय नियमाप्रमाणे मीटरने वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची सूट आहे: खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर. खरा वेग ८० असताना काटा ९२ पर्यंत चालतो. मोठे टायर घातलेली जीप नेमकी उलट्या बाजूला चुकते, आणि समोर रस्ता ओलांडणाऱ्या पोराला तो काटा दिसत नसतो.