गोटीच्या बाटलीचं वय

जुन्या बाजारात मातीने माखलेली गोटी सोड्याची बाटली हाती देताना विकणारा हमखास 1872 हे साल सांगतो. लंडनच्या हायरम कॉडने त्या वर्षी या बाटलीचं पेटंट घेतलं, एवढं खरं. पण ते शोधाचं साल आहे, हातातल्या बाटलीचं नव्हे. गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी, आणि आतल्या वायूच्या दाबाने गोटी कडीला घट्ट बसणं ही युक्ती इंग्लंडमध्ये 1930च्या दशकापर्यंत मागे पडली. 1892 साली विल्यम पेंटरने पेटंट घेतलेलं पत्र्याचं बूच स्वस्त होतं आणि बाटली धुणंही त्यामुळे सोपं झालं. आपल्याकडे मात्र गोटी सोडा गाड्यांवर चालतच राहिला, उत्तरेत बंटा या नावाने, आणि त्याच्या बाटल्या अलीकडेपर्यंत बनत होत्या. म्हणून इंग्लंडच्या उकिरड्यांवरून तयार झालेली वय ठरवण्याची कोष्टकं इथे लावली की दोन पिढ्यांपूर्वीची बाटली सहज व्हिक्टोरिया राणीच्या काळात जाऊन बसते.

यावर जाणकार म्हणतील की वय आकारावरून नव्हे, काचेवरच्या खुणांवरून ठरतं. बाटलीच्या अंगावरची साच्याची शिवण तोंडाच्या अलीकडेच थांबली असेल तर तोंड हाताने वळवलेलं. शिवण ओठांवरूनही गेली असेल तर काम यंत्राचं, म्हणजे मायकेल ओवेन्सच्या 1903च्या स्वयंचलित यंत्रानंतरचं. औषधाच्या किंवा दारूच्या बाटलीला ही कसोटी बरीच उपयोगी पडते. तळाला नळीचा खडबडीत व्रण असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे बोट दाखवता येतं. पण गोटीच्या बाटलीत घोळ होतो. गोटी आत गेल्यावरच गळा आणि तोंड घडवायचं, त्यामुळे हातकामाची खूण यंत्रयुगातल्या बाटलीवरही राहते. बुडबुडे आणि वेडावाकडा तळ तर लहान कारखान्याच्या भट्टीचेही गुण आहेत. तळेगावची पैसा फंडाची काच असो की कराडजवळच्या ओगलेवाडीची, आपल्याकडचा काचधंदा विसाव्या शतकात हातावर उभा राहिला. ओबडधोबडपणाला म्हातारपण समजणं हा त्या कारागिरांवरच अन्याय आहे.

मग काचेत उठवलेलं नाव? ते वजनदार पुरावा वाटतं, आणि एका मर्यादेत आहेही: त्या सोडा कारखान्याच्या स्थापनेआधीची ती बाटली असू शकत नाही. पण नाव बाटली भरवून घेणाऱ्याचं, आणि बाटली किती वर्षं फिरली हे ते सांगत नाही. रिकाम्या बाटल्यांना आपल्याकडे नेहमीच गिऱ्हाईक होतं. मुंबईच्या पारशांत बाटलीवाला हे आडनावच आहे. जाड काचेची बाटली धुऊन पुन्हा भरायची, गल्लोगल्ली गोळा करायची, दुसऱ्याला विकायची, असा तिचा प्रवास. इंग्लंडमध्ये पोरांनी गोट्यांसाठी असंख्य बाटल्या फोडल्या. इथे काही दंगलीत फेकून फुटल्या. जी जमिनीत गेली ती बनल्यानंतर कितीतरी वर्षांनी गेली असण्याची शक्यता मोठी.

तिचं गाडलं जाण्याचं वय शेजाऱ्यांवरून कळतं: त्याच थरात पत्र्याची बुचं आहेत का, प्लास्टिक आहे का, एखादं नाणं आहे का. आता विक्रेत्याचा आक्षेप रास्त आहे, की घेणाऱ्याला हिरवट काच खिडकीत ठेवायची असते, थराशी त्याला काय करायचंय? शोभेसाठी घ्यावी, हरकत नाही; पण मग शोभेची किंमत लावावी. रंगाचंही तसंच. मँगनीज घातलेली पांढरी काच वर्षानुवर्षांच्या उन्हाने जांभळी होते, आणि हाच रंग आता किरणोत्साराने झटपट आणता येतो. शंभरी गाठल्याची ग्वाही देणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी: 1972च्या पुरावस्तू कायद्यात साधारण हीच वयोमर्यादा आहे आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. गिऱ्हाईकाला सांगितलेलं वय अधिकाऱ्यासमोर उच्चारायला किती विक्रेते तयार होतील?