नावापुरतेच हिंदुस्थानी

'इंडियन रनर' बदकाच्या नावात हिंदुस्थान असला, तरी त्याचे माहेर जावा, बाली आणि लोंबोक बेटांवरच्या भातशेतीत आहे. वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५६ मध्ये लोंबोकला उतरला, तेव्हा पेंग्विनासारखी ताठ चालणारी ही बदके त्याने पाहिली. तांदळाच्या गलबतांवरचे खलाशी ती आवडीने खात आणि त्यांना 'बालीचे शिपाई' म्हणत. एकोणिसाव्या शतकातच ती जहाजांतून ब्रिटनला पोहोचली. पूर्वेकडून आलेल्या मालावर तेव्हा सर्रास 'इंडियन' शिक्का बसे. तो या बदकांवरही बसला.

त्या बेटांची वाट गोव्याला परकी नव्हती. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी त्या वाटेवरचे मलाक्का. गोव्यातले पेडणे, डिचोली हे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले. पण वाट ओळखीची असूनही गोव्यातल्या परसात राज्य गावठी कोंबडीचेच.

तरीही हा पक्षी इथल्या मातीला शोभेल! तो फारसा उडत नाही, घरटे न शोधता चालता चालता अंडे टाकतो आणि गोगलगायी, किडे वेचून खातो. जावात राखणदार काठी घेऊन कळप शेतात नेतात. पेडण्यातल्या खाजन शेतांत वा डिचोलीच्या कुळागरांच्या बागांतही ही शिस्त चालेल. डोके बुडेल एवढे पाणी त्याला पुरते. पण रात्री कोल्ह्यापासून वाचवायला घट्ट दाराचे खुराडे हवेच.