सभाधीटपणा ही शिक्षकाची पूर्वअट नव्हे

नोएडा-गुडगावच्या खासगी शाळांत नोकरीसाठी डेमो पाठ द्यावा लागतो. त्यात आवाज कापला की हमखास सल्ला मिळतो, ‘आधी स्टेज डेअरिंग आणा.’ दिल्लीत बी.एड. करणाऱ्या मराठी मुलामुलींना तो जास्तच बोचतो. घशाला कोरड असतेच, वर हिंदीतलं लिंग चुकण्याची धास्ती. मग वक्तृत्वाचे वर्ग, आरशासमोर भाषणं. भीती गेल्याशिवाय चांगलं शिकवता येत नाही, हे या सल्ल्यामागचं गृहीतक मला मान्य नाही.

हा पक्ष मांडणारे कालिदासाचा आधार घेतात. ‘मालविकाग्निमित्रा’तली परिव्राजिका सांगते की कुणाची विद्या स्वतःपुरती असते, कुणाला ती दुसऱ्याला देण्याची हातोटी असते, आणि दोन्ही ज्याच्यापाशी तो शिक्षकांत अग्रणी. वचन खरंच आहे. पण पुढचा प्रसंग का सोडायचा? गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हे त्यांच्या वाक्चातुर्यावर ठरवत नाहीत. शिष्यांचा प्रयोग पाहायचं ठरतं आणि गणदासाची शिष्या मालविका नृत्य सादर करते.

अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. सराव पाठांना शेवटच्या बाकावर बसून मी न थांबण्याची हीच घाई पाहते. घाबरलेली छात्राध्यापिका प्रश्न विचारते, हातातला खडू घट्ट धरते, आणि वर्गातली शांतता सोसवेना म्हणून उत्तरही स्वतःच देऊन टाकते. तिला वक्तृत्व शिकवलंत तर ती तीच शांतता अधिक सफाईने भरून काढेल. तिला शिकायचं आहे ते थांबणं.

यावर आक्षेप येईल की भित्र्या माणसाला थांबणंच जमत नाही, तेव्हा आधी भीती घालवा. पण भीती आधी जातच नाही, काम करता करता ओसरते. सूक्ष्म अध्यापन त्यासाठीच आहे. स्टॅनफर्डला १९६०च्या दशकात ते आकाराला आलं. दिल्लीच्या एनसीईआरटीने त्याचं भारतीय रूप बसवलं. समोर पाच-दहा सहाध्यायी, कौशल्य एकच. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं फेरआखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा अभिप्राय: छत्तीस मिनिटांचं चक्र. आज फक्त प्रश्न विचारून थांबायचं, एवढंच ठरवलं की लक्ष आपल्या धडधडीवरून समोरच्याच्या उत्तराकडे वळतं.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा, हे मान्य. ते फळ्याकडे तोंड करून न बोलण्याचं आणि श्वासाचं काम आहे, ते वेगळं शिकवता येतं. भीतीपायी तास घेणंच अशक्य होत असेल तर समुपदेशकाची मदत घ्यावी. बाकीच्यांसाठी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची शाळेतली इंटर्नशिप आहे. त्या काळात निरीक्षकांनी ‘आत्मविश्वास’ या रकान्याला गुण देणं थांबवावं आणि प्रश्नानंतर छात्राध्यापिका किती थांबली, किती मुलं बोलली, हे टिपावं.