प्रकाशाच्या मापात पाप नको

लग्नाची वरात असो, संदल असो की गावचा उरूस, वीज येण्याआधी डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली माणसे पुढे चालत. त्या बत्तीला आपल्याकडे सरसकट 'पेट्रोमॅक्स' म्हणत. मूळ पेट्रोमॅक्स जर्मनीची. तिचा एक प्रसिद्ध नमुना 'एचके ५००' म्हणून ओळखला जातो आणि इंग्रजी बाजारात तोच '५०० सीपी', म्हणजे ५०० कँडल पॉवर, या नावानेही गेला. आकडा तोच राहिला, पण माप बदलले होते.

ही गफलत समजायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते. शहरांत गॅसचे दिवे आले तेव्हा ग्राहक पैसे गॅसचे देत होता, पण त्याला हवा होता उजेड. तो मोजायचा कसा? १८६० च्या लंडनच्या गॅस कायद्याने उत्तर दिले. स्पर्म व्हेल माशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम, जळणारी मेणबत्ती हे माप ठरले. तिचा उजेड म्हणजे एक कँडल.

तुलनेची रीत सोपी होती. कागदावर तेलाचा डाग पाडायचा, एका बाजूला मेणबत्ती आणि दुसऱ्या बाजूला दिवा ठेवायचा. डाग दिसेनासा झाला की दोन्हीकडचा उजेड सारखा. मेणबत्ती एक मीटरवर आणि दिवा तीन मीटरवर असेल तर दिवा नऊ कँडलचा, कारण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो.

फ्रान्सने मात्र वेगळी वाट धरली. तिथे घड्याळजी कार्सेल याच्या दिव्यात तासाला ४२ ग्रॅम मोहरीवर्गीय कोल्झा तेल जाळत आणि त्या उजेडाला एक 'कार्सेल' म्हणत. तो जवळपास पावणेदहा कँडलइतका भरे. जर्मनीत १८८४ मध्ये हेफ्नर-आल्टेनेक याने अमिल अॅसिटेट जाळणारा, बरोबर ४० मिलिमीटर उंच ज्योतीचा दिवा पुढे आणला. 'एचके' म्हणजे हीच हेफ्नर कँडल. फ्रान्सच्याच व्हायोल याने मेणबत्ती आणि तेल दोन्ही बाजूला ठेवून वितळबिंदूवरच्या प्लॅटिनमच्या एका चौरस सेंटिमीटरचा प्रकाश हे माप सुचवले. ते सुमारे २० कँडलचे होते.

१९०९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेने 'आंतरराष्ट्रीय कँडल' मान्य केली. जर्मनी हेफ्नरवरच राहिली. एक हेफ्नर म्हणजे ०.९ आंतरराष्ट्रीय कँडल असे नाते ठरले. म्हणजे ५०० हेफ्नरची बत्ती खरे तर ४५० कँडलची. 'एचके' खोडून 'सीपी' लिहिले की ५० कँडल हवेतून येतात.

१९४८ मध्ये कँडेला आली. गोठणबिंदूवरच्या प्लॅटिनमच्या तापमानाला असलेल्या काळ्या पोकळीचा एक चौरस सेंटिमीटर प्रकाश आंतरराष्ट्रीय कँडलच्या मापाने ५८.८४ भरत होता, तो नव्या मापात ६० धरला. म्हणजे जुनी कँडल नव्या कँडेलापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी. इथे गुणायचे की भागायचे यात चूक झाली की उत्तर चार टक्क्यांनी फसते. बरोबर हिशोब केला तर आपली बत्ती साधारण ४५९ कँडेलाची. १९७९ पासून कँडेलाची व्याख्या ठरावीक हिरव्या प्रकाशाच्या ऊर्जेवर बसवली आहे, प्लॅटिनमही गेले.

तरीही हे उत्तर 'साधारण'च राहते. हेफ्नरची ज्योत तांबूस, बत्तीच्या जाळीचा उजेड पांढरा. दोन रंगांची तुलना करताना डोळाच डळमळतो. हेफ्नरच्या ज्योतीवर हवेतल्या ओलाव्याचाही परिणाम होई. म्हणून जुना आकडा बदलून घेताना कोणते साल, कोणता देश आणि कोणता दिवा हे आधी विचारावे लागते.

आपल्या वाचकांना इथे इब्न अल-हैसम आठवेल. बसऱ्याच्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर'मध्ये छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून केलेला प्रयोग लिहिला आहे. एक दिवा झाकला की अंधाऱ्या जागेतला फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होतो. प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून जात नाहीत हे त्याने दाखवले. हे मोठे काम आहे. पण त्याने उजेडाचे एकक दिले नाही. 'सगळे आपणच शोधले' म्हणणारे लेख त्याच्या नावावर तेही चढवतील, तर ते 'एचके' खोडून 'सीपी' लिहिण्यासारखेच होईल. त्याने प्रयोग करून पडताळायला शिकवले. त्याचा मान राखायचा तर त्याच्या कामाचे मापही चोख ठेवले पाहिजे.

लंडनच्या ग्राहकाला कायद्याने मेणबत्ती दिली ती मापात पाप होऊ नये म्हणून. इतिहास लिहिणाऱ्यालाही तशी एक मेणबत्ती जवळ ठेवावी लागते.