मार्शलची आठवी चाल

२३ ऑक्टोबर १९१८. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन चेस क्लबच्या स्पर्धेत फ्रँक मार्शल काळी मोहरी घेऊन होसे राउल कापाब्लांकासमोर बसला. १९०९च्या सामन्यात याच कापाब्लांकाने त्याला ८-१ असं धुतलं होतं. १४ डाव बरोबरीत सुटले होते. आता पटावर रुय लोपेझ आली. १५६१ साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिणाऱ्या स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाची ही सुरुवात. आठव्या चालीला मार्शलने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि राजापुढचं प्यादं वाऱ्यावर सोडलं.

ही चाल त्याने नऊ वर्षं कापाब्लांकासाठी लपवून ठेवली होती, असं सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण पटत नाही. १८९३ साली हवानात, कापाब्लांकाच्याच जन्मगावी, ती वॉलब्रोट नावाच्या खेळाडूविरुद्ध खेळली गेली होती. मार्शलनेही १९१७ मध्ये असंच एक प्यादं देऊन पाहिलं होतं.

समोरचा घरून तयारी करून आलाय, हे कापाब्लांकाने ओळखलं. तरी थोडा विचार करून त्याने प्यादं मारलं. लढण्याची खुमखुमी जागी झाली होती, असं त्याने पुढे लिहिलं.

मग हल्ला सुरू झाला. मार्शलने घोडा देऊ केला, कापाब्लांकाने तो मारला नाही. पाठोपाठ काळा वजीर राजाच्या अंगावर आला, उंट शह देऊ लागला. पांढरा राजा एकेक घर सरकत वजिराच्या बाजूला निसटला. या साऱ्या धुमश्चक्रीत त्या बाजूचा हत्ती ३१व्या चालीपर्यंत आणि घोडा ३२व्या चालीपर्यंत जागचा हलला नव्हता! एवढी मोहरी घरात असताना, कुठलीही पूर्वतयारी नसताना, पटावरच अचूक उत्तरं शोधणं ही कापाब्लांकाची खरी थोरवी. पुढे त्याचं बी-फाइलमधलं प्यादं सातव्या घरापर्यंत पोचलं आणि ३६व्या चालीला डाव संपला.

मार्शल हरला, पण हल्ल्याला नाव त्याचंच मिळालं. या डावात त्याने अकराव्या चालीला मधला घोडा मागे घेतला होता. नंतर सी-फाइलमधलं प्यादं एक घर पुढे टाकून त्या घोड्याला जागीच आधार देण्याची चाल रूढ झाली आणि हल्ला भक्कम झाला. १९६५ साली तिबिलीसीत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम सामन्यात, बोरिस स्पास्कीने मिखाईल तालविरुद्ध तो पुन्हा पुन्हा वापरला. तालसारख्या आक्रमक खेळाडूलाही तो भेदणं जमलं नाही. १९९३च्या लंडनमधल्या सामन्यात नायजेल शॉर्टविरुद्ध गॅरी कास्पारॉव्हने तर आठव्या चालीला ए-फाइलमधलं प्यादं पुढे ढकलून मार्शलच्या हल्ल्याला वावच ठेवला नाही.