सैनिकी शिस्त आणि आपलं रक्षण : महाड ते नागपूर

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून हजारो माणसं ते पाणी प्यायली, हे आपल्या घराघरांतल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्यानंतरच्या तीन-चार तासांत काय झालं ते मात्र आपण एका वाक्यात उरकतो. "सनातन्यांनी हल्ला केला", एवढंच. मला विचाराल तर आपल्या समाजाच्या स्वसंरक्षणाचा इतिहास त्या तीन-चार तासांपासूनच नीट वाचायला हवा.

पाणी पिण्याचा हक्क कायद्याने मिळालेलाच होता. सार्वजनिक पाणवठे खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही 1924 साली तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर सगळं ठीक होतं. तळ्यावरून माणसं परतली, परिषद आटोपली, कोणी जेवत होतं, कोणी गावी जायला गाठोडी बांधत होतं. तेवढ्यात गावात अफवा उठवली गेली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. झालं. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपात घुसला. भरल्या ताटातलं अन्न मातीत तुडवलं, भांडीकुंडी फोडली, जेवत्या माणसांना मारलं. गावातल्या गल्ल्यांतून दोघं-तिघं सुटे चालले होते त्यांना गाठून बडवलं. कित्येकांनी मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घेतला. त्या घरांनी दारं उघडली हे आपण विसरता कामा नये.

बाबासाहेब त्या वेळी सरकारी बंगल्यात उतरले होते. बातमी कळताच ते बाहेर पडले, लोकांना समजावलं, देवळात जाण्याचा आमचा बेत नाही असं स्पष्ट सांगितलं. इकडे बंगल्यावर शंभरेक माणसं जमली होती. ही काही साधी माणसं नव्हती. त्यांतले बरेचजण पलटणीतून आलेले, पहिल्या महायुद्धात बंदूक चालवलेले गडी होते. रक्त उसळत होतं. बाबासाहेबांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर महाडच्या रस्त्यावर त्या दिवशी काय झालं असतं ते सांगायला नको. पण बाबासाहेबांनी हात उचलायचा नाही असं बजावलं आणि एकानेही हात उचलला नाही.

पुष्कळांना हे भित्रेपण वाटेल. पण भित्रा माणूस पळून जातो, ही माणसं तिथंच उभी होती. हुकूम होईपर्यंत हात न उचलणं हे पलटणीत शिकावं लागतं आणि ते शिक्षण आपल्या वाडवडिलांना चांगलं मिळालेलं होतं.

गावगाड्यात वेसकराची काठी आपल्याच माणसाच्या हाती असे. रात्री वेशीवर राखण करायची, सरकारी वसुलीबरोबर चालायचं, शिवेचा तंटा झाला की साक्ष द्यायची. गावाचं रक्षण याने करायचं आणि याच्या रक्षणाला मात्र गावात कोणी नाही! पुढे कंपनी सरकारच्या सैन्यात ही माणसं गेली. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांच्या स्तंभावर 22 महार सैनिकांची नावं आहेत. ती लढाई कुणासाठी लढली गेली याबद्दल विद्वान वाद घालतात, खुशाल घालोत. बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1927 रोजी त्या स्तंभाला भेट दिली आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच महाड घडलं, एवढं मी नोंदवून ठेवतो.

सैन्याने आपल्याला नुसती बंदूक दिली नाही, अक्षरही दिलं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. 1892-93 च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली आणि पगाराबरोबर ही शाळाही गेली. म्हणून तर गोपाळबुवा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आल्यानंतर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

पुन्हा महाडकडे येऊ. हात न उचलता बाबासाहेबांनी पोलिसांकडे धाव घेतली, खटला झाला आणि 6 जून 1927 रोजी हल्लेखोरांपैकी पाचजणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्याकडून त्या दिवशी एक जरी काठी चालली असती तर "दोन्हीकडून दंगल" अशी नोंद झाली असती आणि तुरुंगात आपलीच पोरं गेली असती.

मात्र नुसत्या संयमावर बाबासाहेब थांबले नाहीत. मार खाल्ला तो सुट्या पडलेल्यांनी, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे होतं. त्याच वर्षी समता सैनिक दलाचं काम सुरू झालं. गणवेश, कवायत, रांगेत चालणं, नायकाचा शब्द पाळणं. डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली तेव्हा सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावं दिली होती. कोर्टाचा मनाई हुकूम आला. लोक ऐकायला तयार नव्हते, पण बाबासाहेबांनी समजावल्यावर तळ्याभोवती मिरवणूक काढून सगळे शिस्तीत परतले. पाण्याला कोणी शिवलं नाही. दाव्याचा निकाल हायकोर्टातून आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडलं!

जुलै 1942 मध्ये नागपूरला परिषद भरली. तिथं महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. दलापुढे बोलताना बाबासाहेबांनी अहिंसा आणि दुबळेपणा यांत फरक केला. आपण अहिंसा मानतो, पण तुकोबांनी सांगितली तशी, म्हणजे सर्व प्राण्यांवर दया आणि दुष्टांचं निर्दालन, असा त्यांचा आशय होता. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला भेद त्यांनी मांडला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्याच नागपुरात लाखोंच्या गर्दीत लेकुरवाळ्या बायाबापड्या निर्धास्त वावरल्या. त्या गर्दीच्या व्यवस्थेला समता सैनिक दलाचे जवान उभे होते.

आज कित्येक विहारांच्या सभागृहांत संध्याकाळी मुली कराटे शिकताना दिसतात. काही वडीलधारी मंडळी नाकं मुरडतात की, पंचशील घेणाऱ्यांना लाथाबुक्क्या कशाला? त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की, कराटेचा प्रसार करणारे ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांचाही दंडक पहिला वार आपला नसावा हाच होता. आणि पोरींना त्या तासाचा खरा उपयोग मारामारीत क्वचितच होतो. मोठ्याने ओरडता येणं, ताठ मानेनं चालणं, अंगावर कोणी येतंय असं दिसताच बाजूला होऊन माणसांत जाणं, एवढं आलं तरी पुष्कळ. क्लास सुटल्यावर त्यांनी घोळक्याने घरी जावं, एकटीला मागे सोडू नये. महाडच्या गल्लीत मार खाल्लेले दोघं-तिघंच होते.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यातही आहे. जुन्या दंडविधानाची कलमं 96 ते 106 ही त्याचीच होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 आहेत. पण गरजेपुरताच प्रतिकार, त्याच्यापुढे नाही. जातीवरून छळ झाला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अशा वेळी गल्लीत शिवीगाळ करत बसण्यापेक्षा चार शेजारी बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जावं, जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून तिची नोंद करून घ्यावी. फिर्याद दुसऱ्या हद्दीची आहे म्हणून परत पाठवलं तर हलू नये, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.